पदोन्नतीची फाइल कोणी वाचते का? विद्यापीठ प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, कुलसचिव, सर्व अधिष्ठाता आणि अध्यापक सेवा नियमावली समितीचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

अध्यापकांच्या नेमणुका, परिवीक्षा आणि पदोन्नती यांची नियमावली दुरुस्तीला निघाली की चर्चा रंगते ती निकषांच्या कलमावर. शोधनिबंध पाच हवेत की सात, पुस्तकाला किती वजन द्यायचे, प्रकल्पाचा निधी आणला नसेल तर चालेल का, यावर दोन-दोन बैठका जातात. मग वेळ संपत आल्यावर उरलेली कलमे एका दमात मंजूर होतात. परीक्षक कोणी निवडायचे, त्यांना पत्र कोणी लिहायचे, फाइल कोणत्या तारखेला बंद करायची, तटस्थ मत कसे धरायचे, या सगळ्या ‘कार्यालयीन बाबी’ ठरतात. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. निकष थोडे सैल असले तरी चांगली समिती त्यातून बरा निर्णय काढते. उमेदवाराचे काम कोणी वाचणार की नाही, हे मात्र या कार्यालयीन कलमांतच ठरते, आणि पदोन्नतीच्या वादांचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

पीअर रिव्ह्यू म्हणजे त्याच विषयातल्या जाणकाराने काम वाचावे आणि कारणांसह मत द्यावे, एवढेच. म्हणून प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारावा: यामुळे वाचन घडेल की टळेल? पुढे जे लिहिले आहे ते याच प्रश्नाच्या अंगाने.

सुरुवात बाहेरच्या परीक्षकांपासून करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बहुतेक ठिकाणी विभागप्रमुख स्वतःच्या ओळखीतली सहा नावे देतो, कार्यालय पत्रे धाडते, चार उत्तरे येतात आणि फाइल पुढे सरकते. ही सहाच नावे का, हे फाइलमध्ये कुठेच नसते. त्याऐवजी दोन स्वतंत्र याद्या असाव्यात, एक उमेदवाराची आणि एक विभागाची, दोघांनी एकमेकांची यादी न बघता केलेल्या. मागवलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक विभागाच्या यादीतून यावीत. उमेदवाराला दोन-तीन नावे वगळण्याची विनंती करता यावी आणि तिचे कारण त्याने एका ओळीत द्यावे. ही विनंती शक्यतो मानावी. मानली नाही तर का मानली नाही ते नोंदवावे. पीएच.डी.चा मार्गदर्शक, गेल्या पाच वर्षांतले सहलेखक, चालू प्रकल्पातले भागीदार आणि नातेवाईक ही मंडळी आपोआप बाद धरावीत. अगदी लहान विषयांत, जिथे जगभर मिळून वीस-पंचवीस माणसे काम करतात, हा नियम काटेकोर पाळला तर परीक्षकच उरत नाहीत. तिथे सूट द्यायला हरकत नाही. मात्र त्या परीक्षकाने उमेदवाराशी असलेला संबंध मताच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावा.

सहा मते हवी असतील तर दहा-बारा जणांना विचारावे लागते. नकार येणारच, माणसे कामात असतात. इथे एक दुष्ट सवय समित्यांना जडली आहे. ‘अमुक मोठ्या प्राध्यापकांनी मत द्यायला नकार दिला’ या वाक्याचा अर्थ ‘त्यांना काम आवडले नाही’ असा लावला जातो. नकाराला आणि मौनाला काहीही अर्थ नाही, असे नियमात शब्दांत लिहून ठेवा. त्याचबरोबर प्रत्येक आमंत्रणाची नोंद फाइलमध्ये राहू द्या: कोणाला, कोणत्या तारखेला, कोणाच्या यादीतून, उत्तर काय आले. या नोंदीचा खरा उपयोग वेगळा आहे. आलेले प्रतिकूल मत बाजूला ठेवून आणखी दोन परीक्षक शोधले, किंवा अनुकूल मते हाती असताना मुद्दाम आणखी मागवली, तर ते लपत नाही.

आता पाठवायच्या पत्राचा मसुदा. हे पत्र कार्यालयात वर्षानुवर्षे तेच असते आणि ते कोणी वाचत नाही. त्यात हमखास एक वाक्य आढळते: ‘हा उमेदवार आपल्या संस्थेत या पदासाठी पात्र ठरला असता का?’ हा प्रश्न काढून टाका. परीक्षकाच्या संस्थेत आठवड्याला तीन तास शिकवायचे असेल आणि उमेदवाराच्या संस्थेत सोळा, तर त्या उत्तराची किंमत शून्य. शिवाय पदोन्नती द्यायची की नाही हे ठरवणे परीक्षकाचे कामच नाही. त्याला विचारावे: या कामात कोणता प्रश्न हाताळला आहे, त्यात नवे काय आहे, पुरावा कुठे भक्कम आणि कुठे लंगडा आहे, इतरांनी त्याचा कसा उपयोग केला. सोबत चाळीस निबंधांचा गठ्ठा पाठवू नये. उमेदवाराने निवडलेली तीन ते पाच कामे, प्रत्येकावर अर्ध्या पानाचे त्याचे टिपण, आणि दोन पानांचे निवेदन पुरते. गठ्ठा पाठवला की परीक्षक यादी मोजतो, पाच कामे पाठवली की ती वाचतो. होकार आल्यापासून निदान आठ आठवडे द्यावेत. ‘पंधरा दिवसांत कळवावे’ म्हटले की आलेल्या मतात उमेदवाराचाच परिचय दुसऱ्या शब्दांत लिहिलेला सापडतो.

सर्व परीक्षकांना शब्दशः एकच पत्र जावे आणि त्याची प्रत फाइलला लागावी. विभागप्रमुखाने फोनवर ‘थोडे समजून घ्या’ म्हणणे, मग ते बाजूने असो वा विरुद्ध, हा प्रक्रियेचा भंग मानावा.

गोपनीयतेबद्दल पत्रात जे आश्वासन असते ते बहुधा कार्यालयाला पाळता न येणारे असते. ‘आपले मत पूर्णतः गोपनीय राहील’ हे वाक्य लिहिण्याआधी विधी सल्लागाराला विचारावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या खटल्यात एकमताने सांगितले की भेदभावाच्या तक्रारीची चौकशी चालू असताना पीअर रिव्ह्यूच्या कागदांना कसलेही खास संरक्षण नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. पण न्यायालय, माहितीचा कायदा किंवा तक्रार समिती यांच्यापुढे कागद जाऊच शकत नाहीत असे समजणे कुठेही धोक्याचे. त्यापेक्षा सरळ लिहावे: मत कोण कोण वाचणार, उमेदवाराला त्याचा मजकूर ओळख काढून दाखवला जाईल का, आणि कायद्याने मागितल्यास काय होईल. मजकूर दाखवायचा असेल तर परीक्षकाला आधीच सांगावे की स्वतःचा हुद्दा, संस्था आणि उमेदवाराशी ओळख हे सगळे सहीखाली किंवा वेगळ्या कागदावर लिहा. मग कार्यालयाला शिरोभाग आणि सहीखालचा भाग एवढेच झाकावे लागते. नाहीतर कुणीतरी काळी शाई घेऊन वाक्ये खोडत बसतो आणि शेवटी नेमके ते एक वाक्य राहून जाते, ‘मी १९९८ साली या विषयावरचे पहिले पुस्तक लिहिले तेव्हा…’

आकड्यांकडे वळतो. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात मिळालेल्या संदर्भांची सरासरी. हा आकडा जर्नलचा आहे, लेखाचा नाही. दहा लेखांपैकी एकाला ९१ संदर्भ आणि बाकी नवांना प्रत्येकी एक मिळाला तर सरासरी दहा येते, आणि दहापैकी नऊ लेख त्या सरासरीच्या कितीतरी खाली असतात. तरी अर्जाच्या नमुन्यात प्रत्येक निबंधापुढे हा रकाना आहेच. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवलेला एच-इंडेक्स (दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा संदर्भ मिळाले असतील तर तो दहा) तर कधी खाली येतच नाही. काम थांबवले तरी तो वाढू शकतो, वयाबरोबर फुगतो, आणि दोन वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये दोन वेगळे आकडे दाखवतो. जीवशास्त्रातला आणि गणितातला एच-इंडेक्स शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे ताप आणि उंची यांची बेरीज करण्यासारखे आहे.

हे काही आम्हीच म्हणतो असे नाही. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत मांडणी झालेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘डोरा’ या जाहीरनाम्याने नेमणूक आणि पदोन्नतीसाठी जर्नलचे आकडे वापरू नका असे स्पष्ट सांगितले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वे मांडली; त्यांतले पहिलेच तत्त्व असे की आकड्यांनी जाणकारांच्या मताला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. अनेक संस्थांनी ‘डोरा’वर सह्या केल्या. जाहीरनाम्यावर सही आणि अर्जात इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना, दोन्ही एकाच संस्थेत सुखाने नांदतात. आपल्या संस्थेने सही केली असेल तर निदान अर्जाचा नमुना बदला.

लेखकांच्या क्रमाचेही तसेच. गणितात नावे वर्णानुक्रमे लावतात, प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्रात शेवटचे नाव प्रमुखाचे असते, आणि २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर आलेल्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. ‘पहिल्या लेखकाला इतके गुण, बाकीच्यांना उरलेले वाटून’ हे सूत्र त्या निबंधाला लावून पाहावे, म्हणजे सूत्राची लायकी कळते. त्यापेक्षा कोणी काय केले हे एका ओळीत मागा. कल्पना, प्रयोग, विश्लेषण, लेखन, मार्गदर्शन अशी चौदा कामांची वर्गवारी ‘क्रेडिट’ या नावाने उपलब्ध आहे आणि अनेक जर्नल ती वापरतात. तीच उचलावी, नवी समिती नेमू नये.

अध्यापनाच्या मूल्यमापनात हीच चूक वेगळ्या वेशात येते. विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत छापली जाते आणि समिती ४.१२ व ३.९७ यांतल्या फरकावर बोलू लागते. बारा जणांच्या वर्गात पाच जणांनी उत्तरे दिली असतील तर एका नाराज विद्यार्थ्याने ती सरासरी पाऊण गुणाने हलते. म्हणून सरासरी छापूच नये. पाच, चार, तीन, दोन, एक देणारे किती, आणि वर्गातल्या किती जणांनी उत्तर दिले, एवढे छापावे. उत्तर देणारे अगदी थोडे असतील तर त्या वर्गाचा आकडा फाइलमध्ये घालूच नये.

या प्रश्नावल्या पूर्वग्रहही मोजतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑनलाइन वर्गातल्या दोन सहायक अध्यापकांनी, एक स्त्री आणि एक पुरुष, एका गटाला स्वतःच्या नावाने आणि दुसऱ्या गटाला एकमेकांच्या नावाने शिकवले. काम तपासून परत देण्याची वेळ सारखीच ठेवली होती. तरी पुरुषाचे नाव दिसले त्या गटांनी वरचे गुण दिले, तत्परतेबद्दलसुद्धा. विद्यार्थी अवघे ४३ होते, त्यामुळे या एका प्रयोगावर इमला बांधू नये. पण २०१८ मध्ये कॅनडातल्या एका विद्यापीठाच्या वादात लवादाने सगळा पुरावा ऐकून निवाडा दिला की पदोन्नती आणि कायम नियुक्तीसाठी अध्यापनाची परिणामकारकता या प्रश्नावल्यांनी मोजू नये. ‘सर वेळेवर येतात का’, ‘फळ्यावरचे दिसते का’, ‘उत्तरपत्रिका परत मिळाल्या का’ हे विद्यार्थ्यांना जरूर विचारा. ते त्यांनाच ठाऊक असते. ‘विषयावर प्रभुत्व आहे का’ हे मात्र सहकाऱ्यानेच सांगायचे.

ते सांगण्यासाठी सहकाऱ्याला वर्गात जावे लागते. एका वर्षात दोन निरीक्षक, प्रत्येकी दोन तास, हा आमच्या मते किमान हिशेब. जाण्याआधी अर्धा तास बसून अभ्यासक्रम, त्या दिवसाचा हेतू आणि वर्गाची पातळी समजून घ्यावी. अहवालात रकान्यात खुणा नकोत. काय घडले ते लिहावे, कोणता प्रश्न विचारला गेला, त्याला काय उत्तर मिळाले, कोणते विद्यार्थी शेवटपर्यंत गप्प राहिले. प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या काही उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय अहवाल पुरा धरू नये. वर्गात गोड बोलणारा अध्यापक परीक्षेत दरवर्षी तेच पाच प्रश्न विचारत असेल तर ते तिथेच दिसते. आणि एक पथ्य कडक पाळा: सुधारणेसाठी केलेले निरीक्षण पदोन्नतीच्या फाइलला लावायचे नाही. एकदा लावले की पुढच्या वर्षीपासून कोणीही सहकाऱ्याला आपल्या अडचणी दाखवणार नाही.

आता बैठक. नऊ जणांची समिती, गणपूर्ती (बैठक वैध ठरायला लागणारी किमान हजेरी) पाच. हजर सहा, त्यांपैकी एक सहलेखक असल्याने बाहेर गेला. उरलेल्या पाचांत तीन मते बाजूने, एक विरुद्ध, एक तटस्थ. ठराव मंजूर झाला का? साधे बहुमत असेल तर पडलेल्या मतांपैकी तीन-एक, मंजूर. हजर असलेल्यांपैकी तीन-पंचमांश, मंजूर. एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची अट असेल तर नऊपैकी तीन, नामंजूर. दोन-तृतीयांश लागत असेल तर पडलेल्या मतांवर मंजूर आणि हजेरीवर नामंजूर. नियमावलीत नुसते ‘बहुमताने’ लिहिले असेल तर निकाल त्या दिवशी अध्यक्षांच्या मनात येईल तो. शिवाय बाहेर गेलेला सदस्य गणपूर्तीत धरायचा की नाही? आणखी एक जण हितसंबंधामुळे उठला असता तर बैठकच बाद झाली असती. हे सगळे एका परिच्छेदात लिहून ठेवता येते. आमची शिफारस: हितसंबंध असलेला सदस्य गणपूर्तीत धरू नये, पदोन्नतीचा हिशेब पडलेल्या मतांवर व्हावा, आणि तटस्थ राहणाऱ्याने कारण नोंदवावे.

कारण नोंदवावे असे म्हणतो, कारण बहुतेक तटस्थ मतांमागे ‘फाइल बघायला वेळ झाला नाही’ एवढेच असते. त्यावर उपाय सोपा आहे. फाइल कागदी असेल तर वाचनाची नोंदवही ठेवावी आणि संगणकावर असेल तर उघडल्याची नोंद आपोआप राहते. ज्याने बैठकीआधी फाइल उघडलेली नाही त्याला मत नाही. हा नियम लागू झाल्यावर पहिल्या फेरीत गणपूर्ती जमवताना अध्यक्षांची दमछाक होईल हे आम्हाला मान्य आहे. तरीही तो आणावा.

प्रत्येक फाइलला दोन वाचक नेमावेत, एक विषयाजवळचा आणि एक शेजारच्या विषयातला. दोघांनी एकमेकांशी न बोलता दोन-दोन पाने लिहावीत आणि ती बैठकीच्या आठ दिवस आधी सगळ्यांना मिळावीत. बैठकीत आधी वाचकांनी बोलावे, मग पदाने सर्वांत कनिष्ठ सदस्याने, अध्यक्षांनी सर्वांत शेवटी. चर्चेआधी ‘एकदा कल घेऊ या’ म्हणून हात वर करायला लावू नये. एकदा वर केलेला हात माणूस सहसा खाली घेत नाही. मत गुप्त असावे, पण इतिवृत्तात दोन्ही बाजूंची कारणे यावीत, नावांशिवाय. ‘सखोल चर्चेअंती’ या शब्दप्रयोगावर बंदी घातली तरी चालेल.

विभागात मत दिलेला माणूस विद्यापीठाच्या समितीवरही असतो. त्याने दोनदा मत द्यायचे नाही. कुठे द्यायचे ते वर्षाच्या सुरुवातीला एकदा लिहून द्यावे.

फाइलबाहेरच्या गोष्टी हा बैठकीचा जुना रोग आहे. ‘ऐकले आहे की…’ ने सुरू होणारे वाक्य अध्यक्षांनी तिथेच थांबवावे. गोष्ट गंभीर असेल तर ज्याने ती काढली त्याने ती सही करून लेखी द्यावी, उमेदवाराला प्रत मिळावी, उत्तराला दहा दिवस द्यावेत, आणि तोवर फाइल पुढे सरकू नये. सही करायची वेळ आली की निम्म्या गोष्टी विरून जातात. ‘सहकार्यवृत्ती’ नावाचा स्वतंत्र निकषही याच वाटेने आत येतो. अमेरिकेतल्या विद्यापीठ प्राध्यापकांच्या एएयूपी या संघटनेने १९९९ मध्येच बजावले होते की तो संशोधन, अध्यापन आणि सेवा यांच्या जोडीला चौथा निकष म्हणून ठेवू नये. जो खरोखर काम अडवतो त्याची अडवणूक या तीन निकषांत दिसतेच. जो नुसता विरोधात बोलतो त्याच्यासाठी ही पळवाट उघडी राहते.

अलीकडे एक नवी पळवाट तयार झाली आहे. सदस्य परीक्षकांची मते आणि निबंध एआयच्या साधनात टाकून ‘अर्ध्या पानात सार’ काढून घेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये अनुदान-अर्जांच्या परीक्षकांना अशी साधने वापरण्यास मनाई केली, मुख्यतः गोपनीयतेच्या कारणाने. आमची हरकत त्याहून साधी आहे: सार वाचणारा सदस्य काम वाचत नाही. बंदीचे एक वाक्य परीक्षकांच्या पत्रात आणि एक सदस्यांच्या प्रतिज्ञापत्रात घालावे.

फाइल बंद होण्याच्या तारखेबद्दल थोडक्यात. एक तारीख, एक अनुक्रमणिका, पानांना क्रमांक, आणि उमेदवाराची सही. त्यानंतर फक्त आधीच्या यादीतल्या नोंदीची स्थिती बदलली तर भर घालता यावी, म्हणजे ‘स्वीकृत’चे ‘प्रकाशित’ झाले तर. वरच्या पातळीवर कोणताही नवा कागद लागला तर तो खालच्या सर्व पातळ्यांना आणि उमेदवाराला कळावा. कुलगुरूंच्या टेबलावर अशी चिठ्ठी फाइलमध्ये शिरते जी विभागाने कधी पाहिलीच नाही, तेव्हा पुढचा सगळा निर्णय त्या चिठ्ठीवर उभा राहतो.

परिवीक्षेच्या काळात बाळंतपण, संगोपन किंवा आजारपणाची रजा झाली की मुदत वाढवून मिळते. चांगले आहे, पण अर्धेच. परीक्षकाच्या पत्रात ‘सात वर्षे’ असे लिहून गेले की तो सात वर्षांचे काम शोधतो. पत्रात असे लिहावे: उमेदवाराचा मूल्यमापनाचा काळ सहा वर्षांचा धरावा, मधल्या काळाबद्दल काहीही अपेक्षा ठेवू नये. रजेचे कारण मात्र लिहू नये. आणि मुदतवाढ सरसकट आई-वडील दोघांनाही दिली की न्याय झाला असे समजू नका. अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की अशा धोरणानंतर पुरुषांना कायम नियुक्ती मिळण्याचे प्रमाण वाढले आणि स्त्रियांचे घटले. धोरणानंतर विषयातल्या पाच अग्रगण्य जर्नलांत पुरुषांचे निबंध वाढले, स्त्रियांचे वाढले नाहीत. वाढ हवीच, पण कोणी किती काळ प्रत्यक्ष संगोपन केले त्याला जोडलेली.

वार्षिक अहवालांत सहा वर्षे ‘काम समाधानकारक’ आणि सातव्या वर्षी ‘अपात्र’, हे वारंवार घडते. विभागप्रमुखाला कटू लिहायचे नसते. तिसऱ्या वर्षीचे मूल्यमापन अंतिम फेरीच्या नमुन्यावरच घ्या, बाहेरच्या मतांशिवाय, आणि त्याच्या पत्रात ‘आज फेरी असती तर निकाल काय लागला असता’ हे एक वाक्य सक्तीचे करा.

वरच्या पातळ्यांनी करायचे काय? विषयाचा निर्णय पुन्हा नव्याने घ्यायचा नाही. प्रक्रिया पाळली का, कारणे पुराव्याशी जुळतात का, सारख्या फाइलींना सारखा न्याय मिळाला का, हे पाहायचे. विभागाचा निर्णय फिरवायचा असेल तर कारणे सविस्तर लिहून विभागाला आणि उमेदवाराला द्यावीत. एएयूपी आणि इतर संघटनांच्या १९६६ च्या निवेदनाने हेच सांगितले आहे: अध्यापकांच्या दर्जाबाबत प्रशासनाने अध्यापकांच्या निर्णयाशी सहमत व्हावे, अपवाद विरळा असावा, आणि त्याची ठोस कारणे तपशिलाने द्यावीत. युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीतही मूल्यमापन समकक्षांनी लावलेल्या शैक्षणिक निकषांवरच व्हावे, निकाल संबंधिताला कळावा आणि त्याविरुद्ध दाद मागता यावी, असे आहे. ‘व्यापक संस्थाहित’ हे ठोस कारण नव्हे.

दाद मागण्याच्या कलमात तीन गोष्टी हव्यात आणि बहुधा एकच असते. दाद ऐकणारे आधीच्या कोणत्याही पातळीवर बसलेले नसावेत. कारणे ठरलेली असावीत: प्रक्रियेचा भंग, पक्षपात, किंवा फाइलमधला पुरावा विचारात न घेणे. आणि दाद मान्य झाली तर प्रकरण जिथे चूक झाली त्या पायरीवर परत जावे, पहिल्या पायरीवर नव्हे. परीक्षकांची मते नीट आली असतील आणि चूक बैठकीत झाली असेल तर पुन्हा बारा जणांना पत्रे लिहिण्यात वर्ष घालवू नये. निकाल लागेपर्यंत नेमणूक चालू राहील, एवढे लिहिले नाही तर दाद जिंकूनही परत यायला नोकरीच उरत नाही.

यांतले बरेचसे बदल नियमावलीत आणायला वेळ लागेल हे ठाऊक आहे. परीक्षकांना जाणाऱ्या पत्राचा मसुदा, आमंत्रणांची नोंद आणि अर्जाचा नमुना या तीन गोष्टींना बहुधा कुठल्याच परिषदेची मंजुरी लागत नाही. कुलसचिवांच्या सहीने त्या पुढच्या फेरीआधी बदलता येतात. गणपूर्ती आणि मतमोजणीचा परिच्छेद मात्र नियमावली समितीने येत्या बैठकीत सर्वांत आधी घ्यावा, सभागृह भरलेले असताना.

आपले,
पदोन्नती व छाननी समित्यांवर काम केलेले काही अध्यापक